ब्लॅक सॉइल, मुक्काम पिंपळनेर

शिडीच्या वरच्या पायरीवर बसून कोकिळा ‘साबण’मधल्या ‘ण’चा दांडा ओढत होती. जीभ दातांत धरलेली, ब्रश सावकाश खाली येत होता, आणि नेमकं तेव्हाच खालून कुणीतरी ओरडलं,

“तोताराम पेंटर कुठं आहेत?”

दांडा वाकडा गेला. ब्रशावरचा लाल थेंब सुटला आणि ओरडणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खांद्यावर, पडला.

“बाबा जेवायला गेलेत,” ती वरूनच म्हणाली. “शर्टाचं वाईट वाटतं. पण माफी मागणार नाही. आधी माझा ‘ण’ बिघडला.”

त्याचं शर्टाकडे लक्षच नव्हतं. हातातली चामडी पिशवी त्यानं टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. एक पाय सारखा हलत होता. पंचविशीचा असेल. केस मानेपर्यंत वाढलेले, डाव्या भुवईवर जखमेची अजून लालसर खूण.

“काम असेल तर मला सांगा, भाऊ,” कोकिळा म्हणाली. “आणि तो पाय जरा आवरा. शेजारी पिवळ्या रंगाचा डबा आहे.”

“पिंपळनेरच्या बाजारात एक बॅनर लागलाय,” तो म्हणाला. “‘ब्लॅक सॉइल, जळगाव. आधुनिक वाद्यांचा धडाकेबाज कार्यक्रम. संक्रांतीनंतरच्या पहिल्या बाजाराला, मारुतीच्या पारासमोर.’ खाली सही— तोताराम पेंटर, धुळे. कुणी सांगितलं होतं रंगवायला?”

कोकिळा शिडीवरून उतरली नाही, जवळजवळ घसरली. धावतच ती शेडच्या मागच्या बाजूला गेली. जुन्या कापडांच्या गठ्ठ्यात हात घालून तिनं सगळं उलटंपालटं केलं, आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“ते कापड... पिंपळनेरला गेलं?”

तिची नजर त्याच्या हातावर पडली. डाव्या हाताची चार बोटं टेबलाच्या कडेवर भराभर दाबली जात होती, जणू तिथं तारा होत्या.

“तुम्ही गिटारवाले,” ती हळूच म्हणाली. “भिकन.”

“होतो,” तो म्हणाला.

चौऱ्याहत्तर सालचा मार्गशीर्ष चालू होता. धुळ्याच्या हवेत कापसाचे तंतू उडत होते आणि आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतल्या या शेडमध्ये ओल्या रंगाला येऊन चिकटत होते. त्याच साली वैशाखापर्यंत ‘ब्लॅक सॉइल’ हे नाव खानदेशातल्या प्रत्येक कॉलेजात ठाऊक होतं. जळगावची तीन पोरं. महावीर गायचा, तो दाणा बाजारातल्या मारवाडी व्यापाऱ्याचा मुलगा, पण गाणी अहिराणीत रचायचा आणि चाली अशा लावायचा की म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची. ड्रमवर नासीर. गिटारवर नशिराबादचा भिकन पाटील. शिरपूरचा कार्यक्रम करून परतताना त्यांची जीप उलटली. नासीर आणि भिकन वाचले. महावीर गेला. तेव्हापासून नासीर वडिलांच्या दुकानात पत्र्याच्या पेट्या ठोकत होता, आणि भिकन पाण्याच्या पंपांच्या कंपनीचा माणूस होऊन साक्री, नवापूर, नंदुरबार असा एसटीनं फिरत होता. एका गावात त्याला दोन रात्री काढवत नसत.

“महावीर गेला, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?” त्यानं विचारलं.

“ठाऊक होतं. म्हणून तर रंगवलं.”

“म्हणजे?”

कोकिळा रंगाचा हात पदराला पुसत राहिली. मग एका दमात तिनं सांगून टाकलं. आदल्या वर्षी गणपतीत तिनं त्यांना धुळ्यात ऐकलं होतं. मग वैशाखात पेपरात बातमी आली— चार ओळींची. “मला वाटलं, एवढ्यात कसं संपेल? नुकते तर सुरू झाले होते. मग हात बसवायला मी जी अक्षरं काढायचे ना, त्यात तुमचे पुढचे कार्यक्रम काढायला लागले. पहिला पिंपळनेर. आमचं मूळ गाव ते. तिथं कधी कुणी येत नाही.”

“आणि ते कापड बाजारात कसं लागलं?”

यात कुणाची लबाडी नव्हती. पेंटर लोकांची रीत अशी, की गिऱ्हाईक हात आखडणारं असलं तर जुन्या बॅनरच्या पाठीवर नवी जाहिरात करून द्यायची आणि जुन्या बाजूवर चुन्याचा हात मारायचा. पिंपळनेरच्या सोहनलाल शेठना सरकीच्या दुकानाची जाहिरात हवी होती. तोताराम पेंटरांनी गठ्ठ्यातलं हाताला लागलेलं कापड ओढलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर जाहिरात केली. चुना मारायचा राहिला, कारण पाठीवर काय आहे ते त्यांना दिसलंच नाही. त्यांची नजर वर्षभरात मंद झाली होती. ही गोष्ट कोकिळा सोडून कुणालाच ठाऊक नव्हती, आणि म्हणूनच निम्मी अक्षरं आता तीच काढत होती. शेठ लग्नाला मारवाडात गेलेले. त्यांच्या गड्यानं कापड उलगडलं, एका बाजूला सरकीचं पोतं पाहिलं, दुसऱ्या बाजूला गिटार पाहिली, आणि त्याला गिटार बरी वाटली.

हे सगळं उलगडलं तेव्हा भिकनला हसू आलं. ते त्याला आवडलं नाही. तो मागच्या दाराकडे गेला आणि अंगणात डोकावला— आणि तिथंच थांबला.

अंगणाची सगळी भिंत गेरूनं आणि निळीनं भरली होती. ‘ब्लॅक सॉइल— नंदुरबार, खुल्या मैदानात.’ ‘ब्लॅक सॉइल— सुरत, लोकाग्रहास्तव दुसऱ्यांदा.’ ‘ब्लॅक सॉइल— मुंबई.’ आणि कोपऱ्यात गाण्यांची एक काळी गोल तबकडी, मधोमध लाल कागद.

तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग कोरड्या आवाजात म्हणाला, “नंदुरबारला उघड्यावर? महावीरनं ऐकलं नसतं. त्याला धुळीनं खोकला यायचा.”

“मग कुठं?”

“शाळेच्या हॉलमध्ये.”

कोकिळानं गेरूचं भांडं उचललं, ब्रश बुडवला आणि भिंतीवर लिहिलं, ‘शाळेच्या हॉलमध्ये’.

“असं?”

“...असं,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. कंपनीचा बोर्ड रंगवायचा आहे म्हणाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात, बोर्डावरचा निळा रंग पुरेसा निळा नाही म्हणाला. तोताराम पेंटर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “अहो पाटील, आकाशापेक्षा निळा पंप कुणी बघितलाय का?” आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला.

अंगणात मात्र खेळ रंगात आला होता.

“सुरतेत काय झालं असतं?” कोकिळा विचारायची.

“सुरतेत नासीरला ताप आला असता. त्याला बाहेरचं खाणं सोसत नाही.”

“मग?”

“मग मीच ड्रम वाजवले असते, आणि लोकांनी पैसे परत मागितले असते.”

“मुंबईत?”

“मुंबईत आम्हाला कुणी ओळखलं नसतं. महावीर तीन दिवस रुसून बसला असता. मग एका रात्रीत त्यानं असं गाणं केलं असतं, की...” भिकन थांबला. “आणि तिसऱ्या वर्षी आम्ही भांडलो असतो.”

“कशावरून?”

“कशावरूनही. त्याला प्रत्येक गाण्यात टाळ्यांची जागा हवी असायची. मला नको असायची. तो म्हणाला असता, भिकन्या, तू मिशी लावलेला मुनीम आहेस. मी जळगावला निघून आलो असतो. मग त्याची आई मध्ये पडली असती.” तो हसत होता. अगदी मोकळं हसत होता. मग हसता हसताच त्याचे डोळे भरले, आणि तो झटकन उठून अंगणात येरझाऱ्या घालू लागला.

कोकिळानं त्याला बस म्हटलं नाही. ब्रश धुतले, वाळत घातले. तो चालून चालून थांबला तेव्हा ती म्हणाली, “आणि लग्न? तुमचं तिघांचं?”

“नासीरचं झालं असतं. महावीरचं तर घरच्यांनी ठरवलंच होतं.”

“आणि तुमचं, भाऊ?”

“तुम्ही आधी ते ‘भाऊ’ सोडा.”

“मग काय म्हणू? पंपवाले?”

“नाव आहे मला. आईनं देवापाशी भीक मागून मिळवलेलं. माझ्या आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून भिकन.” त्यानं भुवईवरची खूण चोळली. “जीपमधूनही मी राहिलो. कधीकधी वाटतं, आईनं जरा जास्तच मागितलं.”

“नाही,” कोकिळा म्हणाली. “बरोबर मागितलं.”

तिनं हे फार पटकन म्हटलं. गल्लीतून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. तिच्या केसांत एक पांढरा तंतू अडकला होता. तो काढायला त्यानं हात उचलला... आणि अर्ध्यातच स्वतःचा कान खाजवला.

“एक विचारू?” तो म्हणाला. “गणपतीत आमचा कार्यक्रम झाला, तेव्हा सगळ्या मुली महावीरकडे बघत होत्या. नेहमीच बघायच्या. ही सगळी भिंत... त्याच्यासाठी आहे ना?”

कोकिळा काहीतरी बोलणार होती, पण आतून बाबांनी चहाला हाक मारली. आणि चहानंतर त्यानं पुन्हा विचारलं नाही. उत्तर ऐकायची त्याला भीती वाटली. मेलेल्या मित्राचा हेवा करणारा माणूस कसला असतो, हे त्याला बघायचं नव्हतं.

तो बॅनर मात्र अजून पिंपळनेरात होता. काढून आणायचं काम भिकननं स्वतःकडे घेतलं होतं. संक्रांत चार दिवसांवर आली तेव्हा तो रिकाम्या हातानं शेडमध्ये आला.

“काढला नाही,” तो म्हणाला.

“का?”

“दोरी सोडायला लागलो, तर खाली बांगड्या विकणारी म्हातारी बसली होती. शेवंताबाई. मला म्हणाली, ‘काबर काढस रे भाऊ? आमना गावमा पहिलांदाव असं काहीतरी ई ऱ्हायनं. बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात.’ म्हणते, का काढतोस, गावात पहिल्यांदाच असं काही येतंय. सगळे वाट बघताहेत, कोकिळा. पाड्यापाड्यांवर सांगणं गेलंय. सरपंचानं लाउडस्पीकरवाल्याला बोलावलंय.”

“मग वाजवा.”

“कुणी?”

“तुम्ही. नासीर.”

“आणि गाणार कोण?” त्याचा आवाज चढला. “भिंतीवर गेरूनं लिहिणं सोपं असतं. मला कंपनीनं सुरतेच्या ऑफिसात कायमचं बोलावलंय. संक्रांत झाली की जायचंय. गिटारीचं गिऱ्हाईकही बघितलंय मी.”

कोकिळा उभी राहिली. तिचं नाक लाल झालं होतं. “बरं. त्या कापडावर माझ्या बाबांची सही आहे. वीस वर्षांत त्यांनी रंगवलेला एकही कार्यक्रम खोटा निघालेला नाही. मी जाईन पिंपळनेरला. पारावर उभी राहीन आणि माईकवरून सांगेन, की हे सगळं माझ्या डोक्यातलं होतं. बँड संपला. घरी जा.”

“कोकिळा—”

“सुरतेला निळा रंग चांगला मिळतो म्हणतात,” ती म्हणाली आणि शिडी चढून गेली.

भिकन त्या दुपारीच जळगावच्या एसटीत बसला. उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, “पाटील, चालत जाता का?”

नासीर दुकानाच्या ओट्यावर पेटीचं झाकण ठोकत होता. त्यानं वर बघितलं, आणि हातोडी न थांबवता म्हणाला, “आलास? किती महिने वाट बघायची रे? लाज वाटते की नाही?”

“पिंपळनेरला एक कार्यक्रम—”

“मालूम आहे. साक्रीचा एक गिऱ्हाईक सांगून गेला. मी म्हटलं, भिकन्यानं सुपारी घेतली आणि मला सांगितलं नाही. पंधरा दिवस शिव्या देतोय तुला.” हातोडी आता तालात पडत होती. “कधी निघायचं?”

“नासीर, मी मध्येच थांबलो तर?”

“थांब की.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू थांब. मी वाजवत राहीन. मला दुसरं काय येतं?”

बाजाराच्या दिवशी दुपारी मारुतीच्या पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं उन्हातून चालत आली होती; पोरं बैलगाड्यांच्या दांड्यांवर बसली होती; शेवंताबाईनं बांगड्यांचं दुकान आवरून सर्वांत पुढची जागा धरली होती. कोकिळा बाबांना घेऊन पारापाशी आली. काय घडलंय ते तिनं त्यांना एसटीतच सांगितलं होतं. ते नुसतं म्हणाले होते, “तुझं अक्षर चांगलं असणार. नाहीतर इतकी माणसं आली नसती.”

ती पार चढली. माईकपुढे उभी राहिली. शेकडो डोळे.

“मंडळी...” ती म्हणाली.

“त्या माईकला हात लावू नका,” मागून आवाज आला. “तो लागणार आहे.”

भिकन गिटारीची पेटी घेऊन गर्दीतून वाट काढत होता. त्याच्यामागे नासीर, डोक्यावर ड्रम घेतलेला, “साईड, साईड” म्हणत होता. कोकिळानं कसाबसा एकच शब्द माईकवर म्हटला, “...आले,” आणि खाली उतरली.

वायरी जोडल्या. लाउडस्पीकर एकदा किंचाळला, गर्दी हसली. नासीरनं काठ्या वाजवल्या आणि गिटार सुरू झाली. महावीरचंच गाणं— ‘वारा सुटना, वारा सुटना, जीव थारावर नही.’ वारा सुटलाय, जीव ठिकाणावर नाही. सूर पाराच्या पिंपळातून वर गेला. पोरं टाळ्या वाजवू लागली. भिकनचा हात जड होता, पण चालत होता. सुरुवातीचा तुकडा संपत आला. आता शब्द.

त्यानं मान डावीकडे वळवली.

गाणारा कधी सुरू करणार, हे गिटारवाल्याला आधी कळावं लागतं. महावीरची छाती किंचित भरली, की भिकनला कळायचं. त्याच क्षणी त्याची बोटं जागा बदलायची. कितीतरी कार्यक्रमांत त्यानं हेच केलं होतं. आताही मान आपोआप वळली. डावीकडे पाराची रिकामी फरशी होती आणि तिच्यावर ऊन.

हात थांबला.

लाउडस्पीकरमधून नुसती घरघर येऊ लागली. कोकिळानं बाबांचं मनगट घट्ट धरलं. नासीर थांबला नाही. त्याचा ताल चालूच राहिला— एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी... भिकन उभाच.

“काबर थांबनात भाऊ?” कुणीतरी ओरडलं. “वाजाडा ना!”

आणि मग गर्दीच्या मागून एक ढोल बोलला. पाड्यावरचा पुना म्हणून एक उंच, सडसडीत माणूस होता. तो बाजाराला कधीही ढोलाशिवाय येत नसे. त्याला वाटलं, इथं आता ढोलाची जागा आहे. एरवी हा माणूस का थांबेल? त्यानं नासीरचा ताल उचलला, त्याला आपला एक ठोका जास्तीचा जोडला, आणि वाजवत वाजवत पुढे आला. गर्दीनं वाट दिली. चार बायांनी एकमेकींच्या कमरेत हात घातले, मग दहा जणींनी. पाय पडू लागले, धूळ उठली.

नासीर मोठ्यानं हसला आणि तो जास्तीचा ठोका घेऊ लागला.

भिकननं पुनाकडे बघितलं. ढोलावर थाप पडायच्या आधी पुनाचा उजवा खांदा इतकासा वर जायचा. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा खांदा वर गेला, तेव्हा भिकनची बोटं तारांवर होती.

शब्द कुणी गायलेच नाहीत. ‘वारा सुटना’ एवढं मात्र बायांनी उचललं आणि आपल्याच चालीवर घोळवत राहिल्या. गाणं कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते कुणालाच कळलं नाही. महावीरला हे आवडलं असतं का, हे कुणी सांगावं? टाळ्यांच्या जागेवरून तो नक्की भांडला असता. इथं टाळ्या थांबतच नव्हत्या.

ऊन कलल्यावर बाजार पांगला. सरपंचांच्या ओट्यावर नासीर आणि तोताराम पेंटर वांग्याच्या भरितावर तुटून पडले होते. भिकन पाराच्या कडेला बसून वायर गुंडाळत होता. कोकिळा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हातभर अंतर ठेवून बसली.

“त्यांना ठाऊकच नव्हतं,” तो म्हणाला. “इथं कोण असायला हवं होतं ते.”

“वाईट वाटलं?”

“आधी वाटलं. खूप. मग हलकं वाटलं... आणि हलकं वाटलं म्हणून पुन्हा वाईट वाटलं.”

तिनं तांब्या पुढे केला. तो घटाघटा पाणी प्यायला.

“पुना म्हणतोय, होळीला पाड्यावर या. नासीर हो म्हणून बसलाय. मी साहेबांना सांगतो, सुरत नको, फिरतीच राहू द्या.” तो वायरीकडे बघत बोलत होता. “तुम्ही भिंतीवर लिहिलंत तसं काही होणार नाही, कोकिळा. मुंबई नाही, तबकडी नाही. कदाचित ‘ब्लॅक सॉइल’ हे नावही नाही राहणार.”

“नसू दे.”

“आणि त्या दिवशी मी एक विचारलं होतं. त्याचं उत्तर राहिलं.”

कोकिळानं पायाच्या अंगठ्यानं धुळीत रेघ ओढली.

“गणपतीत सगळ्या मुली महावीरकडे बघत होत्या,” ती सावकाश म्हणाली. “मी पण बघत होते. पहिलं गाणं होईपर्यंत. मग माझं लक्ष तुमच्याकडे गेलं. तुम्ही ना गर्दीकडे बघत होता, ना स्वतःच्या हाताकडे. तुम्ही त्याच्याकडे बघत होता. तो गायच्या आधी. दरवेळी. तो कधी श्वास घेईल, इकडे डोळे लावून...” ती थांबली. “मला वाटलं, आपल्याकडे कुणीतरी असं बघावं. एकदा तरी. म्हणून ती भिंत.”

अर्धी गुंडाळलेली वायर त्याच्या हातातून सुटली. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे वळून बघितलं. घाईनं नाही, चोरून नाही. त्याचा पाय हलत नव्हता.

कोकिळाचे कान तापले. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, सर्वांत महत्त्वाचं तेच राहिलं होतं... तिनं ओठ उघडलेही नव्हते, नुसता श्वास घेतला होता.

“बोल,” तो म्हणाला.